सातवर सही कोणी करायची?

धरण बांधून झालं, की त्याच दिवसापासून त्यात गाळ साचायला लागतो, असं आमच्या खात्यात म्हणायचे. ब्रिजच्या टेबलाचंही तसंच आहे. चार रिटायर माणसं दर रविवारी दुपारी तीन ते सहा पत्ते खेळायला बसली की खेळ राहतो बाजूला आणि किस्से साचत जातात. गाळ काढायची निदान एखादी योजना तरी निघते, किश्श्यांचा उपसा करायला कोणी येत नाही. म्हणून आज मीच बसलोय. तुम्हाला हसू आलं तर हसा, पण मी वैतागून बसलोय हे लक्षात असू द्या.

आमचं टेबल नांदेडला, कॉलनीतल्या देवळामागच्या खोलीत. मी जाधव, रिटायर शाखा अभियंता. माझे पार्टनर मुखेडकर साहेब, रिटायर कार्यकारी अभियंता. नऊ वर्षं ते माझे साहेब होते, आणि आता दोघंही पेन्शनवर असलो तरी ते साहेबच आहेत. ते मला 'जाधव' म्हणतात, मी त्यांना 'साहेब'. आमच्याविरुद्ध बसतात रशीदभाई आणि वट्टमवार. रशीदभाई जुन्या नांदेडातले, आमच्या ड्रॉइंग ब्रँचचे ट्रेसर, म्हणजे इंजिनिअरांचे नकाशे गिरवून देणारे. वट्टमवार देगलूरकडचे, स्टोअरकीपर होते.

ज्यांना ब्रिज येत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. पत्ते वाटले की आधी बोली लागते. एका डावात तेरा हात. पहिले सहा हात धरूनच चालतात, त्यावर आणखी किती करणार ते बोलायचं. सहा बोललात तर बारा हात करून दाखवा. सात बोललात तर तेराच्या तेरा, एकही सोडायचा नाही. यालाच ग्रँड स्लॅम म्हणतात. सहा बोलून तेरा केले तर मोठं बक्षीस हुकतं. सात बोलून बारा केले तर हाती भोपळा, वर दंड. पार्टनरचे पत्ते दिसत नाहीत, आणि विचारायचं तर बोलीतूनच विचारावं लागतं.

म्हणजे सात बोलणं ही सही आहे. खाली शेरा नाही, 'अटी व शर्तींवर' नाही, नुसती सही. आणि सही म्हटलं की आमच्या खात्यातल्या माणसाची बोटं आखडतात.

बारा वर्षं साहेब आणि मी पार्टनर आहोत. तेरा हात आम्ही कितीदा केले याची गणती नाही. सात बोलून तेरा केले, असं मात्र एकदाही नाही. रशीदभाई आणि वट्टमवारांच्या नावावर तीन ग्रँड स्लॅम आहेत. माझ्या नावावर एकही नाही. मला एकच पाहिजे होता. रीतसर बोललेला, खेळलेला आणि कागदावर लिहिलेला.

*

पार्टनर झालो त्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. साहेबांकडे असे पत्ते आले की आंधळ्यालाही तेरा हात दिसावेत. साहेबांनी पाच मिनिटं विचार केला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सहा बदाम."

डाव सुरू झाला. पहिल्या चार हातांनंतर साहेबांनी उरलेले पत्ते टेबलावर उघडे टाकले आणि म्हणाले, "बाकीचे सगळे आमचे." म्हणजे तेरा. ग्रँड स्लॅम पदरात येऊन निसटला.

मी दबकत विचारलं, "साहेब, सात बोलता आलं असतं."

"जाधव, आपण धरण काठोकाठ भरतो का?"

"नाही साहेब."

"का नाही?"

"फ्रीबोर्ड ठेवतो." म्हणजे पाण्याच्या वर थोडी भिंत मोकळी सोडतो, लाट आली तरी पाणी बाहेर जाऊ नये म्हणून.

"मग?" साहेब म्हणाले, आणि पत्ते पिसायला घेतले.

त्या एका 'मग'वर आमची बारा वर्षं गेली. गणितात तेरा आले की साहेब बारा लिहितात. बारा आले की अकरा. एकदा तर हुकमाचे सगळे मोठे पत्ते हातात असताना आम्ही चारवर थांबलो आणि बारा हात केले. त्या दिवशी वट्टमवार मला म्हणाले, "जाधवसाहेब, तुमचं धरण कोरडंच हाय की."

*

आता सगळा दोष साहेबांचा आहे असं मी म्हणत नाही. माझाही आहे. तो कसा, तेही ऐका.

साहेबांनी मला एक्के विचारले. विचारायची रीत ठरलेली असते. 'चार नो ट्रम्प' असं म्हटलं की पार्टनरनं आपल्याकडे किती एक्के आहेत ते बोलीतून सांगायचं. मी सांगितलं, दोन. साहेब 'सहा इस्पिक' म्हणाले. माझ्याकडे दोन एक्क्यांशिवाय हुकमाची राणी होती, आणि ती साहेबांना माहीत नव्हती. नियमानं मी सात म्हणायला पाहिजे होतं.

पण जीभच उचलेना. आमच्याकडे फाईल खालून वर जाते. वरून सहा आलं आणि खालच्यानं त्यावर सात लिहिलं, असं मी नोकरीत कधी पाहिलं नाही. मी 'पास' म्हणालो.

तेरा हात झाले. साहेबांनी माझी राणी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "ही तुमच्याकडे होती?"

"हो साहेब."

"मग बोलला का नाहीत?"

"साहेब, आपण सहा म्हणालात."

"ते मी म्हणालो. तुम्ही तुमचा अभिप्राय का नोंदवला नाही?"

अभिप्राय नोंदवल्याबद्दल याच साहेबांनी एकदा माझी बदली किनवटला सुचवली होती. ते त्यांच्या लक्षात नव्हतं, माझ्या चांगलंच होतं.

*

रशीदभाईंना असला त्रास नाही. ते चहा मागवावा तितक्या सहज सात बोलतात.

एकदा त्यांनी वट्टमवारांना एक्के विचारले. वट्टमवार म्हणाले, "पाच किलवर." या उत्तराचा अर्थ असा, की एकतर एकही एक्का नाही, नाहीतर चारही आहेत. एकाच बोलीला दोन अर्थ ठेवायचं कारण असं, की पार्टनरनं स्वतःच्या हातात पाहिलं की यातलं कोणतं खरं ते त्याला आपोआप कळतं.

रशीदभाईंनी स्वतःच्या हातात पाहिलं. खूश होऊन म्हणाले, "सात किलवर."

माझ्याकडे एक एक्का होता. साहेबांकडे एक होता. साहेबांनी आयुष्यात कधी नव्हे ते डबल दिलं, म्हणजे 'तुमचं होत नाही, बुडालात तर दंड दुप्पट' असं बजावलं. पहिला हात माझ्या एक्क्यावर, दुसरा साहेबांच्या. डाव आटोपल्यावर वट्टमवारांनी आपले पत्ते पसरून दाखवले. त्यांच्याकडे एकही एक्का नव्हता.

"रशीदभाई, तुमच्याकडे किती होते?" मी विचारलं.

"दो."

"आणि वट्टमवारांकडे किती धरले?"

"चार."

"दोन आणि चार, सहा होतात. एका कॅटमध्ये एक्के चारच असतात."

रशीदभाईंनी शांतपणे सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. "जाधवसाब, हिसाब आता तो मैं ट्रेसर कायकू होता? इंजिनेर नहीं होता?"

मला राग याचा येतो की असल्या माणसाच्या नावावर तीन आहेत.

*

मग मी ठरवलं की हे सगळं कागदावर आणायचं. कोणत्या बोलीचा काय अर्थ, ते लिहून ठेवलं की गोंधळ मिटेल. साहेबांना कल्पना इतकी आवडली की त्यांनी तीन दिवसांत मसुदा तयार केला. कलमं, पोटकलमं, वर जावक क्रमांक. घरबसल्या जावक क्रमांक कुठून आणला ते मी विचारलं नाही.

मसुद्यानंतर शुद्धिपत्रक क्रमांक एक आलं. मग दोन. तीन नंबरचं एका शनिवारी व्हॉट्सअॅपवर आलं. त्यात असं होतं, की एक्के मोजताना हुकमाचा राजाही एक्का धरावा. म्हणजे एक्के चाराऐवजी पाच झाले, आणि उत्तरांचे अर्थही बदलले. जुन्या नियमात 'पाच चौकट' म्हणजे एक एक्का. नव्या नियमात 'पाच चौकट' म्हणजे एक किंवा चार.

मी रात्री बसून पाठ केलं. बायको म्हणाली, खात्याच्या परीक्षेला एवढा अभ्यास केला असता तर तुम्हीच साहेब झाला असता.

दुसऱ्या दिवशी रविवार. बदाम हुकूम ठरला आणि साहेबांनी एक्के विचारले. माझ्याकडे तीन एक्के आणि हुकमाचा राजा. नव्या नियमानं चार. मी छाती काढून म्हणालो, "पाच चौकट." आज सात बोलणारच, अशी माझी खात्री.

साहेबांचा चेहरा पडला. "पाच बदाम," ते म्हणाले, आणि आम्ही तिथंच थांबलो.

तेरा हात. मी टेबलावर हात टेकून विचारलं, "साहेब, माझ्याकडे चार होते. शुद्धिपत्रक तीन."

"तारीख वाचली का?"

"कशाची?"

साहेबांनी खिशातून फोन काढला, पीडीएफ उघडला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'सदर शुद्धिपत्रकाचा अंमल पुढील महिन्याच्या एक तारखेपासून राहील.'

त्या दिवशी तीस तारीख होती.

*

साहेब कधीच सात बोलले नाहीत असंही नाही. एकदा बोलले. आगगाडीत.

वट्टमवारांच्या पुतणीचं लग्न किनवटला होतं. आम्ही चौघं आदिलाबादच्या गाडीनं निघालो. समोरासमोर बसलो, गुडघ्यांवर सूटकेस आडवी ठेवली आणि भोकर गेल्यावर पत्ते काढले. तीन-चार डाव झाले, आणि साहेब एकदम, एक्केबिक्के काही न विचारता, म्हणाले, "सात बदाम."

मला वाटलं ऊन डोक्यात चढलं असेल. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"इथं लिहून कोण ठेवतंय," साहेब म्हणाले.

ते काही असो, सात म्हणजे सात. मी माझे पत्ते पाहिले. तेरा हात स्वच्छ होते. लिहून मी ठेवणार होतो, तिकिटाच्या मागे का होईना. तेवढ्यात किनवट आलं.

गाडी थांबते दोन मिनिटं. डाव मोडायचा नाही म्हणून आम्ही चौघंही आपापले तेरा पत्ते हातात धरून उठलो. साठी-सत्तरीतली चार माणसं, एका हातात पत्त्यांचा पंखा, दुसऱ्या हातात बॅग. रशीदभाईंकडे आहेराचं पातेलंही होतं, त्यांनी पत्ते दातात धरले. खाली उतरलो, प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसलो, सूटकेस पुन्हा गुडघ्यांवर घेतली. लग्नघरचं न्यायला आलेलं माणूस समोर उभं. त्याला मी हातानंच थांब म्हणालो.

"पत्ते मोजा," साहेब म्हणाले.

माझे तेरा. साहेबांचे तेरा. रशीदभाईंचे तेरा, कडा जरा ओल्या. वट्टमवारांचे बारा.

एक पत्ता सीटखाली राहिला होता आणि गाडी सुटली होती.

"पोनीलेंडी, जाऊ द्या," वट्टमवार म्हणाले. "किलवरची दुर्री होती. तिनं काय होतंय?"

खरोखर काहीच होणार नव्हतं. मी तिथंच तेरा हात एकेक करून मोजून दाखवले. रशीदभाई म्हणाले, हमको मंजूर. वट्टमवार म्हणाले, मंजूर. आमच्याविरुद्ध खेळणारे दोघंही मंजुरी देत होते. नाही कोण म्हणालं? बोली ज्यांची होती तेच.

"एक कागद कमी असलेली फाईल मी कधी पुढे पाठवली नाही," साहेब म्हणाले आणि पत्ते गोळा करून खिशात घातले.

लग्नात मी जेवलो नाही. वट्टमवारांच्या घरच्यांना वाटलं, पाहुण्यांचा काही मान राहिला असेल.

*

माझी बायको नायगावची. तिला ब्रिज येत नाही, पण रविवारी संध्याकाळी मी ज्या पद्धतीनं चप्पल काढतो त्यावरून तिला निकाल कळतो.

एकदा मी तिला सगळं समजावून सांगितलं. बारा, तेरा, सहा, सात. ती शेंगा निवडत ऐकत होती.

"म्हंजी बारा आले तरी जिंकताव?"

"हो."

"मग तेराव्याची एवढी हौस कशाला? चांगलं बोलावं माणसानं."

ती उठून आत गेली. मी बसून उरलेल्या शेंगा निवडल्या.

*

दरवर्षी दिवाळीनंतर आमची लातूरशी मॅच असते. एक वर्षी ते इकडे, एक वर्षी आम्ही तिकडे. दिवसभर खेळायचं, जास्त पॉइंट ज्यांचे त्यांना फिरती ढाल. लातूरकडून खेळतात बिराजदार बाई आणि त्यांचे यजमान. बाई मूळच्या निलंग्याच्या, हायस्कूलला गणित शिकवून रिटायर झालेल्या. सर फारसं बोलत नाहीत. 'हाव' एवढाच शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलाय.

नांदेडला झालेल्या मॅचमध्ये बाई शांतपणे म्हणाल्या, "सात इस्पिक." साहेबांकडे बदामचा एक्का होता. साहेबांनी डबल दिलं, आणि पहिलंच पान म्हणून तो एक्का ऐटीत टेबलावर ठेवला.

सरांनी आपले पत्ते उघडले. त्यात बदाम एकही नव्हता. बाईंनी तिथला सगळ्यात छोटा हुकूम टाकून एक्का कापला.

"साहेब," बाई म्हणाल्या, "एक्का असतोय म्हणून हात असतोयच असं न्हाई."

तेरा हात करून त्यांनी ढाल नेली. चहाच्या वेळी मी बाईंना गाठलं. म्हटलं, "बाई, तुम्ही एक्के तर विचारलेच नाहीत. सरांकडे बदाम नाही हे कळलं कसं?"

"तीस वर्सं संसार केलाय, भाऊ. हे बोलले की काय हाय ते कळतंय, आन् गप बसले की काय न्हाई ते."

"हाव," सर म्हणाले.

परतताना स्कूटरवर मागे बसून साहेब मला म्हणाले, "पाहिलंत जाधव? लोक किती जोखीम घेऊन राहिलेत." मी गिअर बदलला.

*

आणि आता यंदाची मॅच. लातूरला, बिराजदारांच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये.

सकाळी आम्ही चौघं वट्टमवारांच्या गाडीनं निघालो. खेळणार साहेब आणि मी, बाकीचे दोघं पाहायला. अहमदपूरला चहाला थांबलो तेव्हा रशीदभाईंनी मला बाजूला घेतलं. "जाधवसाब, आज मौका आया तो बोल दो. साब क्या करेंगे? सीआर लिखेंगे? पेन्शन चालू है, कोई रोकता नहीं."

सीआर म्हणजे साहेबानं खालच्याबद्दल लिहायचा गोपनीय अहवाल. बारा वर्षांत ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. खरंच, साहेब आता माझं काय करणार होते?

दिवसभर मॅच तुल्यबळ झाली. दुपारी बाईंनी धपाटे आणि दही वाढलं, पुन्हा बसलो. शेवटचा डाव उरला तेव्हा लातूर थोडं पुढे होतं. आमचा एक चांगला डाव झाला की ढाल नांदेडला. सहा बोलून सहा केले तरी पुरत होतं. हे मला माहीत होतं, कबूल करतो.

पत्ते वाटले. साहेबांनी इस्पिकनं सुरुवात केली. माझ्याकडे चौकटचे एक्का, राजा, राणी आणि दोन छोटी पानं. बाकी सगळा पालापाचोळा. साहेबांनी एक्के विचारले. मी सांगितलं, एक. मग त्यांनी राजे विचारले. आमच्या मसुद्यात लिहिलंय की चारही एक्के आपल्याकडे असल्याशिवाय राजे विचारू नयेत, आणि साहेब स्वतः लिहिलेलं कलम मोडणारे नव्हेत. म्हणजे चारही एक्के आमचे. मी राजा सांगितला, एक.

साहेबांनी चष्मा पुसला. "सहा इस्पिक."

बिराजदार सर पास. माझी पाळी.

राणी कोणी विचारली नव्हती. पाच चौकटी आहेत हेही कोणी विचारलं नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं. समोर साहेब, मागे खुर्चीवर रशीदभाई. मी म्हणालो, "सात इस्पिक."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांच्या नोकरीत असं त्यांनी दोनदाच पाहिलं होतं. बाई पास, साहेब पास, सर पास. माझा ग्रँड स्लॅम बोलून झाला होता. आता फक्त खेळायचा होता.

इस्पिक आधी साहेब बोलले होते, म्हणून खेळणार साहेब आणि मी डमी. डमीनं आपले पत्ते टेबलावर उघडे मांडायचे, खेळणारा सांगेल ते पान पुढे सरकवायचं आणि डाव संपेपर्यंत तोंड बंद ठेवायचं. कायदाच आहे.

सरांनी बदाम टाकला. मी पत्ते मांडले. साहेबांचे पत्ते मला डाव संपल्यावर कळले, पण हिशोब असा होता. साहेबांच्या इस्पिकचे सहा, बदामचा एक्का, किलवरचा एक्का, माझ्या चौकटचे पाच. तेरा. समोरच्या दोघांकडे मिळून पाच चौकटी. त्या तीन-दोन अशा वाटलेल्या असल्या, आणि बहुतेक वेळा तशाच असतात, तर वरून एक्का, राजा, राणी खेळलं की त्यांच्या संपतात आणि माझी दोन छोटी पानंही हात करतात.

आता एक बारीक गोष्ट सांगतो, ती नीट ऐका. सहा बोललं असेल तर पुस्तकात रीत वेगळी आहे. चौकटचा पहिला हात आपणहून सोडून द्यायचा. मग त्या पाच चौकटी चार-एक अशा वाईट वाटलेल्या निघाल्या तरी बारा हात पक्के होतात. याला सेफ्टी प्ले म्हणतात. सहाला तो शहाणपणा आहे. सातला नाही, कारण सातला सोडायला हातच नसतो.

साहेबांनी बदामच्या एक्क्यानं हात घेतला. तीन वेळा हुकूम खेळून समोरच्यांचे हुकूम संपवले. सगळं झकास. मग आपल्या हातातली छोटी चौकट टेबलावर ठेवली आणि माझ्या पत्त्यांकडे पाहिलं.

एक्का, राजा, राणी तिघंही वर तोंड करून पडलेले.

"छोटी," साहेब म्हणाले.

"साहेब?"

"डमीनं बोलू न्हाई, जाधव," बाई म्हणाल्या. "कायदा हाय."

मी मागे पाहिलं. रशीदभाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"छोटी चौकट," साहेब पुन्हा म्हणाले. आवाज तोच, नऊ वर्षं ऐकलेला. मी माझ्या या हातानं, एक्का, राजा आणि राणी बाजूला ठेवून, चौकटची चौकी पुढे सरकवली.

बाईंनाही क्षणभर कळेना. त्यांनी दश्शीनं हात घेतला आणि बदाम परत टाकला. साहेबांनी तो कापला, मग माझे एक्का, राजा, राणी शिस्तीत खेळले. दोन्हीकडच्या चौकटी भराभर पडल्या. तीन-दोनच होत्या. बाकीचे सगळे हात आमचे. एकूण बारा.

सरांनी भिंतीजवळची ढाल उचलून आत नेली. वट्टमवारांनी गाडीची किल्ली काढली आणि नुसतीच हातात धरून बसले.

बारा वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज चढला. "साहेब, आपण सात बोललो होतो."

साहेबांनी टेबलावरचे पत्ते गोळा केले, कडा ठोकून सारखे केले, डब्यात घातले आणि झाकण लावलं.

"मी सहा बोललो होतो, जाधव. माझे सहा झाले. सातचं तुमचं तुम्ही बघा."